डुक्कर फियाटचं डावं मडगार्ड

गाडी विकायला काढली की ज्याला त्याला आपल्यापेक्षा जास्त कळायला लागतं. दूधवाला म्हणतो, घाई करू नका. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणतो, घाई करा, पेट्रोलपंप बंद झाले की नुसती शोभेला उरेल. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुणाचंच मनावर घेतलं नाही. शिरोलीच्या एका फौंड्रीत हीट ट्रीटमेंट खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. पोलादाबद्दल दूधवाल्याने मला शिकवायची गरज नाही.

गाडी म्हणजे १९५६ची फियाट, जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते कळलं असतं तर मी घरी जाऊन त्याला सुनावलं असतं. १९९८ साली कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे ती गंजत पडली होती. तिथून आणून चार वर्षं एकेक रविवार खपून मी ती उभी केली. रंग फिकट पिस्ता. तिच्या बॉनेटवर कोपर टेकून उभे राहिले म्हणून शेजारच्या पोवार सरांशी मी सहा महिने बोललो नव्हतो. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण लपवतही नाही.

आता २०४१ साल आहे. आमच्या लेकीने, अक्षताने, पुण्यात तिच्या शेजारीच आमच्यासाठी घर बघितलंय. तिथं एका घरामागे एकच गाडी ठेवायची, आणि तीही चार्जिंगवर चालणारी. म्हणून विकायची वेळ आली.

गिऱ्हाइकं तीन होती. पहिलं पुण्याचं एक लिलावघर, 'चक्रवारसा' नावाचं. तिथं किंमत सगळ्यांत चांगली येणार, पण गाडी आधी पोलादवाचक यंत्राखाली तपासायची आणि तो दाखला जाहीर होणार. दुसरे इथलेच शहाजीराव इंगवले, मंगल कार्यालयवाले. त्यांना वरातीसाठी हवी होती आणि ते तपासणीबिपासणी मागत नव्हते. तिसरी दुबईची एक कंपनी. ती जुन्या गाड्यांचा पत्रा उतरवून वितळवते, त्याच आकाराचं हलकं कवच बसवते आणि आत विजेची मोटर घालते. त्यांनाही तपासणी नको होती, कारण पत्रा ते ठेवणारच नव्हते.

अक्षताने व्हिडिओ कॉलवर तिन्ही प्रस्ताव वाचून दाखवले. "बाबा, यात विचार करण्यासारखं काहीच नाही. पुणे."

"दुबई," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. "तुम्ही? तिचा पत्रा वितळवायला देणार?"

तेवढ्यात माझी बायको महादेवी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "दुबई नको, आणि ते यंत्रबी नको. इंगवल्यांना द्या. लग्नाकार्यात फिरंल बिचारी."

"आई, तुला यंत्राचं काय?"

"मला काय असणार?" ती म्हणाली आणि लगबगीने आत गेली. मी त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडलो नाही. माझं मलाच पुरेसं होतं.

पोलादवाचक काय करतो ते इथं सांगायला हवं. पोलाद आतून दाण्यादाण्यांचं असतं आणि प्रत्येक दाण्यात अणूंच्या ओळी असतात. घाव बसला की त्या ओळी सरकतात आणि जागोजागी एकमेकींत अडकतात. पत्रा ठोकून सरळ करता येतो, वर रंग मारता येतो, पण आतल्या ओळी पुन्हा पहिल्यासारख्या लागत नाहीत. आम्हाला फौंड्रीत हे कधीचंच माहीत होतं. फक्त ते बघायचं तर तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागे. पुढे पुलांच्या आणि रुळांच्या तपासणीसाठी एक यंत्र निघालं. ते पत्र्याला हळूहळू चुंबकत्व देतं आणि काढून घेतं. तसं करताना पोलादातून बारीक तडतड उठते आणि ओळी जिथं अडकल्या असतील तिथं ती वेगळी उठते. तेवढ्यावरून यंत्र सांगतं की घाव कोणत्या बाजूने आला, केवढा होता, कठीण वस्तूचा होता की मऊ. शिवाय पोलादातला कार्बन वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलांनी सरकत त्या अडकलेल्या जागी गोळा होत असतो. तो किती जमलाय त्यावरून घाव कधीचा तेही कळतं, वर्षभर इकडे-तिकडे धरून.

या यंत्राने जुन्या गाड्यांच्या बाजारातली लबाडी जवळजवळ संपवली. पण त्याने आणखीही काही केलं. गेल्या वर्षी पनवेलच्या एका निवृत्त प्राध्यापकाची गाडी अशीच विक्रीपूर्वी तपासली आणि एकोणीस वर्षांपूर्वी त्याने कुणाला तरी उडवलं होतं ते उघडकीला आलं. ती बातमी मी तीनदा वाचली होती.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगतो.

२००७ सालची महाशिवरात्र. महादेवीला आणि आठ वर्षांच्या अक्षताला माहेरी सोडून मी एकटा कोल्हापूरला परत निघालो होतो. तिचं माहेर हिरेवाडी, उत्तूरजवळ, आणि सरळ वाट मुरगूडवरून. दिवेलागणीची वेळ. उसाचा हंगाम, रस्ताभर पाचट सांडलेलं. एका वळणावर समोरून बिनदिव्याची ट्रॉली आली, मी गाडी डावीकडे घेतली आणि धाडकन आवाज झाला. गाडी डाव्या बाजूला बसली आणि उठली. आरशात बघितलं तर रस्त्याच्या कडेला काहीतरी पांढरं पडलेलं दिसलं.

मी थांबलो नाही. लोक जमले की गाडीवाल्याचं काय करतात ते ऐकून होतो. घाबरलो आणि पळालो, दुसरा शब्द नाही त्याला.

सकाळी बघितलं तर डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या मागे, मुठीएवढा पोचा. रंग उडालेला आणि सगळीकडे पांढरी भुकटी. मी शेडचं दार आतून लावून घेतलं आणि दुपारपर्यंत स्वतःच ठोकून, घासून, रंग देऊन तो पोचा घालवला. हातोडी दोनदा बोटावर बसली. तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. अज्ञात वाहनाच्या धडकेत शेतमजूर गंभीर जखमी. जागा तीच, वेळ तीच. पुढे त्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

त्या रस्त्याला मी पुन्हा गेलो नाही. हिरेवाडीला जायचंच झालं तर निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज असा जवळजवळ दुपटीचा वळसा. महादेवीने विचारलं की रस्ता खराब आहे म्हणायचो. मग जाणंच कमी झालं. तिचा थोरला भाऊ बसूदादा दरवर्षी यात्रेला बोलवायचा, मी काहीतरी कारण पुढे करायचो. होता होता त्याने बोलावणं सोडून दिलं. वापरायला दुसरी गाडी घेतली; फियाट मात्र शेडमध्येच राहिली, महिन्यातून एकदा नुसतं इंजिन चालवायचो. वापरवत नव्हती आणि कुणाच्या हाती देववत नव्हती.

म्हणून दुबई. पत्रा वितळला की दाखलाही वितळला, असा माझा साधा हिशेब होता.

दुबईची माणसं गुरुवारी गाडी न्यायला येणार होती. बुधवारी सकाळी मी तिला शेवटचं पुसायला घेतलं. मागचं पुसून झालं, दारं झाली, आणि डाव्या मडगार्डपाशी आलो तसा हात थांबला. या पत्र्याची एकेक शिवण मी स्वतः सांधली होती. आणि आता माझं पाप झाकायला तिला भट्टीत पाठवत होतो. आयुष्यभर भट्टीवर काम केलं, पण चांगला माल कधी मुद्दाम वितळवला नव्हता. मला माझीच किळस आली. एकाहत्तराव्या वर्षी अजून किती पळायचं?

मी अक्षताला फोन लावला. "दुबईला नाही म्हणून कळव. आणि पुण्याच्या लोकांना यंत्र घेऊन यायला सांग."

महादेवी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "कशाला उगाच?" ती हळूच म्हणाली. "एवढी वर्षं गेली की आता."

ते ऐकून मनात आलं, हिला माहीत आहे की काय? पण विचारलं नाही. न विचारण्यात मी एव्हाना तरबेज झालो होतो.

शनिवारी इरावती लिमये नावाची तिशीतली मुलगी आली. सोबत शिवणयंत्राएवढी पेटी आणि इस्त्रीसारखा दिसणारा एक फिरता भाग. अक्षताही पुण्याहून तिच्याबरोबर आली होती. इरावतीने मागच्या डिकीपासून सुरुवात केली. ती इस्त्री पत्र्यावरून फिरवायची, थांबायची, पडद्यावर बघायची. दीड तास झाला. मी खुर्चीत बसून होतो आणि महादेवी माझ्यामागे उभी होती. तिला बस म्हटलं तरी ती बसेना.

"काका, गाडी फार सुंदर बांधलीय," इरावती म्हणाली. मग डाव्या मडगार्डवर तिचा हात थांबला. तिने तोच भाग पुन्हा फिरवला, मग तिसऱ्यांदा.

"इथं ठोकाठोक आहे," ती म्हणाली. "बारीक हातोडीची, नवख्या हाताची."

"नवख्या नाही, घाबरलेल्या," मी म्हणालो. "पुढं सांगा."

"त्याच्याखाली एकच मूळ घाव आहे. पस्तीस वर्षांच्या आसपासचा." ती पडद्याकडे बघत बोलत होती. "गंमत आहे पण. हा घाव वरून खाली आलाय. वस्तू गोल, कठीण, अर्ध्या-पाऊण किलोची. आणि तेव्हा गाडी उभी होती."

"उभी?"

"हो. गाडी चालत असती तर ओळी एका दिशेला ओढल्या गेल्या असत्या. इथं घाव सगळीकडे सारखा पसरलाय. कुणीतरी वरून काहीतरी आपटल्यासारखा."

"आणि माणूस?" मी विचारलं. "माणसाला धडक बसली असती तर?"

अक्षताने माझ्याकडे झटकन मान वळवली. इरावतीने मात्र सरळ उत्तर दिलं. "माणूस जड असतो आणि मऊ असतो, काका. अख्खं मडगार्ड मागे रेटलं जातं, बोल्टांच्या जागा ताणल्या जातात. इथं तसं काहीच नाही. या गाडीने कुणाला धडक दिलेली नाही, हे मी लिहून देईन. हां, डाव्या चाकाच्या वर सांगाड्याला एक जोरदार धक्का आहे, खालून आलेला. चाक मोठ्या खड्ड्यात गेलं असणार. तो धक्का या घावाच्या नंतरचा आहे, त्याची लाट घावावरून गेलेली दिसते."

तेवढ्यात मागून महादेवीचा आवाज आला.

"नारळ हुता तो."

आम्ही तिघेही वळलो. ती पदराचं टोक पिळत उभी होती.

"खंडेनवमीचा नारळ. हे फौंड्रीत पूजेला गेलते. दादा आमच्याकडं आलता, घरच्या गाडीची पूजा त्यानंच केली. नारळ ओवाळला आणि चाकापुढं दगडावर हाणायला गेला. तेलाचा हात, पैलवानाचा जोर. सुटला आणि बसला त्या मडगार्डवर." तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना कळलं असतं तर दादाचं तोंड बघितलं नसतं ह्यांनी. पोवार सरांचं काय केलतं ठावं हाय न्हवं? मग दादानं तालमीतला एक पेंटर बोलावला. त्यानं हे घरी यायच्या आत पुट्टी भरून रंग मारून दिला. वर झेंडूचा हार टाकला."

मडगार्डच्या शिवणीत इरावतीने भिंगातून बघितलं आणि हसून मान हलवली. पुट्टीचे पांढरे कण अजून तिथं होते. म्हणजे खड्ड्याच्या हादऱ्याने पुट्टी निखळली होती, आणि सकाळी मला जे दिसलं ते चार महिन्यांपूर्वीचं नारळाचं काम होतं. ती पांढरी भुकटी मी स्वतःच्या हाताने पुसली होती. रोज पोलाद हाताळणाऱ्या माणसाला पुट्टी ओळखता आली नाही, कारण त्या सकाळी मला फक्त गुन्हाच दिसत होता. शिवाय चार महिने माझ्या गाडीवर पुट्टी होती आणि ती माझ्या लक्षात आली नाही! एवढ्या सगळ्यातही हे मला झोंबलंच.

मग मला रडू फुटलं. हसत होतो आणि रडत होतो, आणि थांबवता येत नव्हतं. छातीवरचं ओझं असं एकदम गेलं की मला खुर्चीचे हात धरून ठेवावे लागले.

"एवढं काय झालं?" महादेवी घाबरली. "नारळाचं एवढं मनाला लावून घ्यायचं?"

इरावती पेटी आवरायला लागली आणि मी बायकोला आणि लेकीला आत घेऊन गेलो. सगळं सांगितलं. वळण, आवाज, आरशातलं पांढरं, पेपरातल्या चार ओळी, निपाणीचा वळसा. अक्षताने माझा हात धरला होता. महादेवी भिंतीला टेकून खाली बसली.

मग ती बोलली. "मला वाटलं, तुम्ही पोचा बघितलासा आणि ओळखलंसा. काही न बोलता ठोकून काढलासा, म्हणजे राग लई खोल गेलाय. म्हणून माहेर तोडलं तुम्ही. दादालाबी तेच वाटलं. लाजेनं बोलवायचा थांबला तो."

"मला काय माहीत?"

"आई गेली तवा," ती म्हणाली आणि तिचा आवाज चढला. "आई गेली तवा मी गाडीत हात जोडून सांगत हुते, मुरगूडवरनं चला. तुम्ही निपाणीला वळलासा. मी पोचले तवा तिला उचलली हुती. तोंड न्हाई बघाय मिळालं मला."

माफ कर म्हणालो. तिने माफ केलं की नाही ते त्या दिवशी कळलं नाही, पण संध्याकाळी तिने स्वतःच फोन उचलला आणि बसूदादाला लावला. "दादा, उद्या येतोय आम्ही. गाडीनं. व्हय, त्याच गाडीनं." पलीकडून म्हातारा एवढंच म्हणाला, "दाजीस्नी जेवाय काय आवडतंय अजून?"

गाडीचंही ठरलं. पुण्याचा लिलाव, बावीस तारखेला. विकणाऱ्याच्या निवेदनात मी नारळाची हकीकत जशीच्या तशी लिहिली. अक्षता म्हणाली, कशाला, किंमत कमी होईल. मी म्हटलं, होऊ दे, आता या गाडीबद्दल काहीही लपवायचं नाही. शहाजीराव इंगवल्यांना स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

रविवारी सकाळी कावळा नाक्याच्या पंपावर टाकी भरली आणि कागल, मुरगूड करत सरळ वाटेने निघालो. मी आणि महादेवी, दोघंच. गाडी सुंदर चालत होती. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण माझा आवाज महादेवीला ठाऊक आहे, म्हणून म्हटलं नाही. मुरगूड मागे पडलं, आणि ते वळण आलं. खड्डा अर्थातच नव्हता. तिथं आता उसाच्या रोपांची रोपवाटिका झालीय.

मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" महादेवीने विचारलं.

"थांबतो जरा. तेव्हा थांबलो नव्हतो."

रोपवाटिकेत एक पन्नाशीची बाई रोपांना पाणी मारत होती. मी तिला नमस्कार केला. "मावशी, एक विचारायचं होतं. चौतीस वर्षांपूर्वी, शिवरात्रीला, इथं एका शेतमजुराला गाडीने उडवलं होतं. त्याचं पुढं काय झालं?"

"तुकामामा व्हय?" तिने पाइप खाली टाकला. "जगलं की! पायात सळई हाय, लंगडत्यात तेवढं. ते काय, त्या वस्तीवर असत्यात."

महादेवीने माझा दंड धरला.

"कुणी उडवलं ते कळलं का?"

"उसाचा ट्रक हुता, कारखान्याकडं चाललेला. दिवस मावळायच्या आधीच उडवून गेला." ती बाई गाडीकडे बघत म्हणाली. "पर पहाटंपतुर हितंच पडून हुतं मामा. कुणी थांबलंच न्हाई. शुद्धीवर हुतं, गाड्या मोजत हुतं. सात गाड्या गेल्या म्हणत्यात. अजून सांगत्यात, सात."

त्यातली एक माझी. दाखल्यात ते लिहिलेलं नव्हतं, आणि कुठल्याच यंत्राला ते वाचता आलं नसतं. पण मला आता भीती वाटत नव्हती. माणूस जिवंत होता, हाकेच्या अंतरावर होता, आणि मी त्याच्यापुढे उभं राहून सांगू शकत होतो. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मला कुठंतरी पळून जायचं नव्हतं.

मी महादेवीकडे बघितलं. "दादा जेवायला वाट बघत असेल."

तिने गाडीचं दार उघडलं आणि वस्तीच्या कच्च्या वाटेकडे हात केला. "आधी तिकडं चला. दादा चौतीस वर्षं थांबलाय, आणखी तासभर थांबंल."